शुक्रवारचा रविवार

जगात बहुतेक ठिकाणी रविवार रविवारीच येतो. कुवेतमध्ये तो शुक्रवारी येतो, आणि कॅलेंडरातला रविवार उजाडतो तेव्हा माणसे डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसलेली असतात. शुक्रवार-शनिवार ही इथली सुटी. २००७ पर्यंत ती गुरुवार-शुक्रवार होती. मग सरकारने गुरुवार काढून घेतला आणि शनिवार दिला. रविवार तेव्हाही दिला नाही आणि आता कोणी मागतही नाही. चर्चने यावर फार घोळ न घालता तोडगा काढला आहे. शुक्रवारी मिस्साला गेले तरी हजेरी रविवारचीच लागते, आणि वाचनेही येत्या रविवारचीच असतात.

वर्षभर हा हिशेब कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतो तो आगमनकाळात. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. येशूच्या जन्माची वाट पाहण्याचा काळ. फादर जांभळी वस्त्रे घालतात, गौरवगीत म्हणायचे नसते आणि वेदीजवळ हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक पेटवायची. २०२५ साली पहिला रविवार ३० नोव्हेंबरला होता. पण इथला रविवार शुक्रवारीच येत असल्यामुळे आमचा आगमनकाळ २८ तारखेलाच लागला. म्हणजे रोमच्याही दोन दिवस आधी. लग्नाला, मीटिंगला, विमानतळावर कुठेही वेळेआधी न पोहोचणारी आपली माणसे वाट पाहण्याच्या सणाला मात्र दोन दिवस आधी हजर!

तसा वाट पाहणे हा विषय कुवेतमधल्या परदेशी माणसाला शिकवावा लागत नाही. नव्याने आलेला इकाम्याची म्हणजे वास्तव्याच्या परवान्याची वाट पाहतो. इकामा झालेला सिव्हिल आयडीची वाट पाहतो आणि दर अर्ध्या तासाने सरकारी ‘सहल’ ॲप उघडून बघतो. सिव्हिल आयडी हातात आलेला ड्रायव्हिंग लायसन्सची वाट पाहतो, कारण त्यासाठी पगार, पदवी आणि इथल्या वास्तव्याची वर्षे असे सगळे जुळावे लागते. लायसन्स मिळालेला फॅमिली व्हिसाची वाट पाहतो, आणि फॅमिली आलेला ती शाळेच्या सुटीत गावी कधी जाते याची. त्यामुळे पहिल्या आठवड्यात फादर प्रवचनात म्हणाले, ‘माझ्या बंधुभगिनींनो, वाट पाहायला शिका,’ की माणसे एकमेकांकडे बघतात. हे नवीन काय सांगताहेत? त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात जागे राहण्याचाही उपदेश असतो. तो रात्रपाळी संपवून थेट हॉस्पिटलातून आलेल्या नर्सबाई तिसऱ्या बाकावर बसून, डोळे सताड उघडे ठेवून, अर्धवट झोपेत ऐकत असतात.

अडचण वाट पाहण्याची नाहीच. इकाम्याची वाट माणूस एकटा पाहतो, आपल्या खोलीत, आपल्या फोनसमोर. आगमनकाळात ती चारचौघांत पाहायची असते, आणि ते चारचौघे आपण निवडलेले नसतात.

शहरातले पवित्र कुटुंबाचे कॅथेड्रल शेरेटन हॉटेलच्या चौकाजवळ आहे. ते १९६१ साली उभे राहिले. त्याच वर्षी कुवेतने स्वतःचा दिनार काढला; तोपर्यंत इथे भारतातून आलेले गल्फ रुपये चालत. म्हणजे दानपेटीत रुपये टाकणारी शेवटची आणि दिनार टाकणारी पहिली पिढी एकाच बाकावर बसलेली असणार. चलन बदलले, पण पेटी जवळ येताच खिसे चाचपडत छतावरची चित्रे न्याहाळण्याची पद्धत काही बदलली नाही. अहमदीतले अरेबियाच्या मातेचे चर्च त्याहून जुने. १९४८ साली तेल कंपनीच्या वसाहतीत छोट्या प्रमाणावर सुरू झालेल्या त्या चर्चला २०२५ मध्ये लघु बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. शिवाय सालमियात संत तेरेझाचे, जलीबमध्ये संत डॅनियल कोम्बोनीचे. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला एवढीच चर्चे, त्यामुळे शुक्रवारी प्रत्येक चर्चमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक मिस्सा लागतात. इंग्रजी, अरबी, कोकणी, मल्याळम, तमिळ, तागालोग, सिंहली. एका मिस्साचा शेवटचा आशीर्वाद ही पुढच्या मिस्साची घंटा. ‘शांतीने जा’ असे फादर आतल्यांना सांगतात तेव्हा बाहेरचे शांतीने आत यायला निघालेले असतात आणि दारात दोन शांतींची टक्कर होते.

आत शिरल्यावर जागा धरणे आले. रुमाल, जपमाळ, स्तोत्रांचे पुस्तक, फोनचा चार्जर आणि अगदीच अडचण असेल तर लहान मूल बाकावर ठेवून जागा धरली जाते. ‘इथे कोणी आहे का?’ असे विचारले की बाकाच्या त्या टोकाची आंटी डोळे मिटून हाताने ‘पाच’ दाखवते. प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून ती बोलत नाही. ते पाच जण अजून पार्किंग शोधत असतात.

आम्ही वसईकर इथे मूठभर. वसई धर्मप्रांतात चर्चमध्ये जन्मापासून मराठी ऐकलेली, त्यामुळे दर शुक्रवारी घरात चर्चा होते, इंग्रजी मिस्साला जायचे की कोकणी? इंग्रजी मुलांना कळते, कोकणीत गाणी चांगली असतात. कोकणीला गेलो तर गायकवृंदात एका बाजूला गोवेकर आणि दुसऱ्या बाजूला मंगळूरकर असतात. दोघेही कोकणीच गातात, पण आपली ती कोकणी आणि दुसऱ्याचा तो खोकला अशी दोघांची खात्री असते. आगमनकाळात या गायकवृंदाची अवस्था बघवत नाही. सरावाला नाताळची गाणी, कारण पुढे वेळ नाही. आणि मिस्साला आगमनकाळाची, कारण फादर कडक आहेत. मंगळवारी हॉलमध्ये ढोलकी-गिटारवर आनंदीआनंद, आणि शुक्रवारी चर्चमध्ये चेहरे लांब करून ‘ये रे तारका’ छापाची आर्जवे. एखादा तबलजी चुकून नाताळच्या ठेक्यात शिरतो आणि मग अख्ख्या चर्चला एक ओळभर नाताळ लवकर साजरा करावा लागतो.

पापनिवेदनाच्या रांगाही याच दिवसांत लागतात. नाताळपूर्वी मन साफ करायचे म्हणून आवारात ठिकठिकाणी फादर बसतात, प्रत्येकापुढे भाषेची पाटी. कुवेतमध्ये पापांचे पर्याय मुळातच मर्यादित. दारूबंदी १९६४ पासूनची, बार नाहीत, उन्हाळ्यात पन्नास अंशांत घराबाहेर पडून पाप करण्याइतका उत्साह कोणात राहत नाही. उरते काय? गाडी चालवताना वापरलेली भाषा, व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या बातम्या, आणि चर्चच्याच पार्किंगमध्ये दुसऱ्याची हेरलेली जागा. तरीही रांग तासभर हलत नाही. आतला माणूस नेमके काय सांगतो आहे याची बाहेरच्या चाळीस जणांना मनापासून उत्सुकता असते, आणि त्या उत्सुकतेचे निवेदन करायला त्यांना पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागेल.

चर्चमधली प्रार्थना ठरलेल्या चौकटीत होते. फ्लॅटमधली कशीही होऊ शकते. आगमनकाळात गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा कुटुंबे आळीपाळीने एकमेकांकडे जमतात. दाराबाहेर चपलांचा ढीग बघून हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार विचारतो, ‘पार्टी?’ आम्ही म्हणतो, ‘नाही, प्रार्थना.’ त्याच्या चेहऱ्यावरून कळते की तळणाचा वास चौथ्या मजल्यावरून खाली त्याच्यापर्यंत पोहोचलेला आहे. आवाज बेताचा ठेवायचा असतो. त्यामुळे इथे गाणी म्हणायची एक खास शैली तयार झाली आहे. तोंड पूर्ण उघडायचे, भाव पूर्ण आणायचा आणि आवाज मात्र शेजारच्या एसीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही.

रोझरी होईपर्यंत सगळे सुरळीत चालते. मग यजमान म्हणतात, ‘आता ज्याला जे वाटेल ते देवापुढे मांडा,’ आणि आठवड्याच्या बातम्या सुरू होतात. एक मावशी देवाला सांगतात की त्यांच्या जावेच्या मुलाला कॅनडात नोकरी लागली, पगार अमुक आहे, त्याबद्दल आभार. देवाला आकडा ठाऊक असतो. तो बाकीच्यांसाठी असतो. एक काका जगातल्या प्रत्येक युद्धाचे नाव घेतात. ते भूगोल संपवेपर्यंत स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होतात आणि यजमानीणबाई डोळे मिटून, हात जोडून, ओठ हलवत गॅस बंद करायला उठतात. शाळकरी मुलगा परीक्षेसाठी प्रार्थना करतो, त्याची आई त्याने फोन कमी बघावा यासाठी करते, आणि देवापुढे माय-लेकांचा खटला उभा राहतो. सर्वांत एकमुखाने ‘आमेन’ येते ते दिनाराच्या भावाला. ज्यांचे विरार-वसईला घराचे हप्ते चालू आहेत ते दिनार वर जावा म्हणून मनोमन कळवळून मागतात. रुपयासाठी कोणी प्रार्थना केल्याचे मी अजून ऐकलेले नाही. शेवटी नवीन आलेला, अजून कंपनीच्या खोलीत सहा जणांत राहणारा तरुण खाली मान घालून एवढेच म्हणतो, ‘आईला बरे वाटू दे.’ त्यावर कोणी काही बोलत नाही. जेवताना मात्र त्याच्या ताटात प्रत्येक घरचा एकेक पदार्थ जास्तीचा पडतो.

खाण्याचे प्रकरण वेगळेच. नाताळचा केक म्हटला की महिनाभर आधी सुका मेवा रममध्ये भिजत घालायचा. इथे रम नाही. मग तो द्राक्षाच्या नाहीतर संत्र्याच्या रसात भिजतो आणि खाणारा प्रत्येकजण दुसरा घास घेताना म्हणतो, ‘छान झालाय, पण...’ त्या ‘पण’च्या पुढे कोणी जात नाही. डुकराचे मांस देशात येत नाही, त्यामुळे इंद्याल कोंबडीचा. वसईहून आलेला बॉटल मसाला आपली ओळख टिकवून धरण्याचा प्रयत्न करतो. फुग्या मात्र इथेही फुगतात. कुलकुल वळायला सगळ्या बायका-मुलांना काटे-चमचे घेऊन बसवले की दोन तासांत परातभर कुलकुल आणि वर्षभर पुरेल एवढी माहिती गोळा होते.

पण एकत्र बसून खायचे तर कोणाबरोबर? समोरच्या फ्लॅटमधले केरळी कुटुंब सिरो-मलबार पंथाचे. ते १ ते २४ डिसेंबर मांस-मासे खात नाहीत, म्हणून आमच्या इंद्यालाकडे बघून हळहळतात. वरच्या मजल्यावरचे इजिप्तचे कुटुंब कॉप्टिक. त्यांचा उपास २५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि तो ४३ दिवस चालतो, कारण त्यांचा नाताळ ७ जानेवारीला. आम्ही २५ तारखेला केकचा डबा घेऊन वर गेलो तर ते प्रेमाने घेतात, फडताळात ठेवतात, आणि दोन आठवड्यांनी त्यांचा सण येतो तेव्हा आमच्याकडे वाटाण्याची उसळ असते. एकाच येशूच्या जन्माला एका इमारतीत दोन तारखा आणि दोन उपास. लिफ्ट तेवढी एकच आहे आणि तीही बहुधा बंद असते.

वाळवंटाचा फायदा मात्र इथल्या फादरांइतका कोणाला नाही. आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात स्नानकर्ता योहान येतो. उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला कातडी पट्टा, खायला टोळ आणि रानमध. वसईत हे प्रवचन नारळी-पोफळीत बसून ऐकताना वाळवंट डोळ्यांपुढे आणावे लागे. इथे ते गाडीच्या काचेवरच असते. आणि टोळ? हिवाळ्यात अल-राईच्या बाजारात टोळांची पोती येतात, जुने कुवेती ते भाजून आवडीने खातात. योहानाचा आहार हा इथे तपश्चर्येचा विषय नसून मोसमी चैनीचा आहे. योहान जशा वाळवंटात एकटा राहिला तशा इथल्या वाळवंटात नोव्हेंबर ते मार्च कुवेती कुटुंबांचे तंबू लागतात, जनरेटर, टीव्ही आणि गालिच्यांसह. आज योहान आला तर त्याला आधी शांत जागा शोधावी लागेल.

गोठा करतानाही हीच उलटापालट. वसईला गोठ्यासाठी गवत फुकट आणि वाळू शोधावी लागे. इथे वाळू दारात, हव्या त्या छटेची. गवतासाठी मात्र जमियातून म्हणजे सहकारी दुकानातून आणलेले गहू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करवंटीत पेरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचे, म्हणजे २४ तारखेपर्यंत हिरवे होतात. तीन ज्ञानी पुरुषांची खरेदीही इथे एका फेरीत होते. मुबारकिया बाजारात एका गल्लीत सोने, पुढच्या वळणावर अत्तारांकडे धूप आणि गंधरस. ताऱ्याच्या मागे एवढे चालण्याऐवजी ते इथे आले असते तर काम स्वस्तात झाले असते, शिवाय घासाघीस करता आली असती.

१६ डिसेंबरपासून फिलिपिनो लोकांचे सिंबांग गाबी सुरू होते. नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या नऊ मिस्सा. त्यांच्या देशात ही पहाटेची प्रार्थना, शेतावर जाण्यापूर्वीची. आपल्या काकडआरतीची बहीणच म्हणा. इथे पहाटे कामावर जायचे असल्याने ती संध्याकाळी होते. कागदी चांदण्यांचे कंदील लागतात, बाहेर तांदळाच्या गरम केकचा वास येतो. घरकाम करणाऱ्या कित्येक बायका या नऊपैकी जमतील तेवढ्या गाठतात. २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने घरकामगारांना आठवड्याची सुटी दिली आहे. कागदावरची सुटी प्रत्यक्षात किती तासांची, हे मालकिणीवर ठरते. मिस्सा चालू असताना एखादी बाई मागच्या दाराशी उभी राहूनच प्रार्थना करते, हातात फोन, नजर घड्याळाकडे. घरच्या पोरांचा आवाज तिने आठवडाभर फोनवरच ऐकलेला असतो. तिच्यासाठी जागा धरण्याचे मात्र बाकाच्या टोकाच्या आंटीला कधी सुचत नाही. आगमनकाळात एखाद्याला काही सोडायचेच असेल तर त्याने केकऐवजी जागा धरणारा तो रुमाल उचलावा.

या भूमीत हे सगळे आपणच पहिल्यांदा करतो आहोत असा समज असेल तर तोही सोडावा. समुद्रात वीसेक किलोमीटरवर फैलाका बेट आहे. तिथे अल-कुसूर या ठिकाणी १९८९ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना एका जुन्या चर्चचे अवशेष मिळाले, हजार वर्षांहून जुने, पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेतले. तिथले ख्रिस्ती लोकही नाताळची वाट पाहत असतील, खारे पाणी आणि खजूर यांच्या आधाराने. त्यांच्यातही जागा धरणारी एखादी आंटी असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि एवढी वाट पाहून, एवढ्या मेणबत्त्या पेटवून अखेर २५ डिसेंबर उजाडतो, तेव्हा तो कामाचा दिवस असतो. नाताळची सार्वजनिक सुटी इथे नाही. २०२५ मध्ये तो गुरुवारी आला. मध्यरात्रीची मिस्सा करून, केक खाऊन, तीन तास झोपून माणूस साडेसातला ऑफिसात. सुपरवायझर विचारतो, ‘डोळे का लाल?’ तुम्ही सांगता, ‘काल येशूचा जन्म झाला.’ तो कुवेती, इजिप्शियन किंवा सिरियन, जो कोणी असेल तो, मनापासून ‘मबरूक’ म्हणजे ‘अभिनंदन’ म्हणतो आणि पुढ्यात फाइल ठेवतो. चहाच्या वेळी त्याच्या टेबलावरही कोणीतरी कुलकुलची वाटी ठेवलेली असते.

इकामा, लायसन्स, व्हिसा या सगळ्यांची वाट पाहताना माणूस शेजाऱ्याकडे बघत नाही, कारण शेजारी रांगेत आपल्या पुढे असतो. प्रार्थनेच्या रांगेत शेजारी पुढे असला तरी आपले काही कमी होत नाही, हे शिकायला कुवेतमध्ये आगमनकाळातले चार शुक्रवार लागतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

तेव्हा वसई-विरार, गोवा, सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांना एकच विनंती. नोव्हेंबरात कोणी कुवेतला निघाले असेल तर त्याच्या बॅगेत बॉटल मसाल्याची बाटली आणि करवंटीत पेरायला मूठभर गावचे गहू द्या. दिनाराच्या भावासाठी प्रार्थना आम्ही इथे करतोच आहोत. रुपयाचे काय करायचे ते तुमचे तुम्ही बघा.